शिंदीवर फुगवलेला पाव

आधी चहा संपवा बरं, मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. माझी अशी फजिती सांगतो, की आमच्या कडा गावात अजूनही तिचा विषय निघाला की बायका तोंडाला पदर लावतात.

तेव्हा मी कड्याला निजामसरकारच्या करोडगिरी नाक्यावर मुन्शी होतो. नगरकडून, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीतून येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, पोती उसवायची, जकात घ्यायची. अशा माणसाच्या घरी कोण येणार, सांगा! बायको वारलेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी कुलूप काढलं की घरात फक्त पाल चुकचुकायची, आणि मी तिलाच "आलो गं" म्हणायचो. हसू नका, खरंच म्हणायचो!

शेजारच्या गंगाक्काची नातवंडं, गोदी आणि बाप्या, आमच्या भिंतीपाशीच खेळायची. मी दारात दिसलो की पळ! गूळ दाखवला तरी पळ! या पोरांनी एकदा तरी माझ्या ओसरीवर येऊन बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

असाच एकदा नगरच्या लष्करी छावणीत कामानिमित्त गेलो होतो. तिथं कुणा साहेबाची पोरं झाडाखाली बसून, पावाच्या दोन चकत्यांमध्ये काहीतरी घालून मिटक्या मारत होती. झालं! डोक्यात किडा शिरला. आपण घरी पाव करायचा, तोही रंगीत! पालकाचा हिरवा, हळदीचा पिवळा, लाल माठाचा लाल. मधे लोणी आणि कारळाची चटणी. मग कोणतं पोर पळेल? बाहेरचा पाव खाल्ला की माणूस बाटतो, असं तेव्हा आमच्याकडे मानायचे. पण घरी केलेल्याला कोण नावं ठेवणार?

छावणीतल्या भट्टीवाल्याला विचारलं, पाव फुगतो कशानं? तो म्हणाला, ताडीनं. आता कड्यात ताडी कुठली? शिंदीच्या झाडाची दारू, म्हणजे शिंदी, मात्र हवी तेवढी. पण मी पडलो सरकारी मुन्शी, भर बाजारातून शिंदीचा लोटा कसा नेणार? म्हणून उपरण्याखाली लपवला. ही माझी अक्कल! उघडा नेला असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

जुम्म्याच्या सुट्टीला सकाळीच तीन परातींत तीन रंगांचं पीठ शिंदी घालून मळलं आणि वर फडकं झाकलं. दुपार झाली तरी पीठ काही फुगेना. एकट्या माणसाला बोलायची खोड असते. परातीपुढे बसून मी विनवायला लागलो, "ऊठ रे बाबा! असा किती पडून राहणार? लोक काय म्हणतील? आता तरी ऊठ!"

भिंतीपलीकडे गंगाक्का ऐकत होती. तिनं काय समजायचं?

घटकाभरात दार वाजलं. पुढे गंगाक्का, तिच्यामागे आमच्या नाक्यावरचा शिपाई चाँदमियाँ, आणि त्याच्यामागे अख्खी गल्ली! घरात शिंदीचा वास कोंदलेला. माझे हात माठानं लालभडक.

"मुन्शीजी, कावून असं केलं वो?" गंगाक्काच्या डोळ्यांत पाणी. "बायकू गेली म्हून का पेयाचं?"

"मैं देखा ना! उपरने के नीचे लोटा छुपाको लेजा रहे थे!" चाँदमियाँनं साक्ष दिली.

"अहो, पाव! पाव करतोय! हिरवा, पिवळा, लाल…"

"बगा, रंग दिसाय लागले!" मागून कुणीतरी ओरडलं. "ताक आना, ताक!"

ताक आलं. निम्मं मला पाजलं, निम्मं डोक्यावर ओतलं. कुणी टाळूवर लिंबू चोळलं. गंगाक्का पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आमी हाव ना! सोताला एकटं कावून समजता?" आणि गोदी-बाप्या? चक्क माझ्या ओसरीवर बसून डोळे फाडून माझ्याकडे बघत होते!

खरं सांगू? परातीवरचं फडकं उचललं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण पाठीवर कुणाचा हात पडून फार काळ लोटला होता हो. मी उगाच थोडा डुललो. आणखी ताक आलं.

शेवटी बाप्यानंच फडकं उचललं. "आज्जे, खरंच रंगीत हाय!"

मग काय, सगळ्यांसमोर पीठ डेगचीत घालून, खाली-वर निखारे रचून पाव भाजला. बाहेर आला तो तिन्ही रंगांचा मिळून एकच रंग, गोवरीचा! चकत्या करायला सुरी चालेना, अडकित्ता आणला. गंगाक्का "नगं, नगं" म्हणेपर्यंत गोदीनं चावा घेतला, आणि तिचा हलणारा दात पावातच राहिला. तिनं भोकाड पसरलं, बाप्या हसून हसून लोळला.

"म्हंजी मुन्शीजी शुद्धीवर हायेत!" गंगाक्काचा जीव भांड्यात पडला. ती पोरांना घेऊन निघाली, तिच्यामागे सगळी गल्ली निघाली. पाल चुकचुकली.

त्यानंतर कुणी फिरकलं नाही. घर पूर्वीपेक्षा जास्त खायला उठलं. म्हणून पुढच्या जुम्म्याला मी तोच लोटा घेतला, विहिरीच्या पाण्यानं भरला, सगळ्यांना दिसेल असा उपरण्याखाली लपवला आणि गंगाक्काच्या दारावरून डुलत डुलत घरी आलो. दार सताड उघडं टाकलं. डोक्याचं पागोटंही काढून ठेवलं, ताक ओतायला सोयीचं पडावं म्हणून!

भिंतीपलीकडून गंगाक्काची हाक आली, "पोरांनो, आत या रं लवकर! मुन्शीजी पुन्हा पाव करायलेत!"