पेटलेलं जहाज दिसतं का?

रंभाजी पगारे नौदलातून निवृत्त होऊन देवळाली प्रवऱ्याला आले, तेव्हा गावाने त्यांना परस्पर कॅप्टन करून टाकलं. "अरे, मी भटारखान्यात हुतो. तोफा उडायच्या तवा मी वरणाचं पातेलं धरून बसायचो," असं सांगून ते थकले. लोकांना वाटायचं, सरकारी गुपित असणार. माणूस बोलेल कसा?

चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्यांच्या ओट्यावर समुद्री लढाई चालायची. त्या खेळाच्या नियमांचं पुस्तक त्यांनी विशाखापट्टणमच्या जुन्या बाजारातून आणलेलं. शहाबादी फरश्या हा समुद्र, बाभळीच्या ढलप्या ही जहाजं. एका बाजूला पतसंस्थेतला नितीन, दुसऱ्या बाजूला उसाचा ट्रॅक्टर चालवणारा गोरक्ष. दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे मतं फार ठाम होती.

रात्रीच्या लढाईत दोन फरश्यांपलीकडचा शत्रू दिसत नाही, असा नियम. लांबचा दिसायला आधी आभाळात उजेडाचा गोळा सोडायचा. न दिसणाऱ्यावर तोफ डागली, तर नुकसान निम्मंच धरायचं. त्या दिवशी गोरक्षचं जहाज पेटलं आणि नितीनने लांबूनच, गोळाबिळा न सोडता, त्याच्यावर तोफ डागली.

"पेटलेलं जहाज दिसतंच की! पुरतं नुकसान धर."

"आग आत लागलीय. आमी दारं लावून घेतलीत."

"कुणी लावली?"

"खलाशांनी. तुला काय करायचंय?"

नियमांच्या पुस्तकात याबद्दल अक्षर नव्हतं. दोघं रंभाजींकडे वळले. "कॅप्टन, तुमी म्हणाल तो कायदा." ठाऊक नाही म्हटलं, तरी रंभाजींची सुटका नव्हती. शेवटी म्हणाले, "बघूनच ठरवू."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते गावातल्या बन्सी शेतकऱ्याच्या उसाजवळच्या मोकळ्या वावरात गेले. नितीन लांब सडकेवर उभा राहिला. गोरक्षने पाचटाचा ढीग पेटवला, ते जहाज. मग उजेडाचा गोळा म्हणून दिवाळीतलं उरलेलं रॉकेट बाटलीत ठेवून वात पेटवली. ऐन वेळी बाटली कलंडली आणि रॉकेट आभाळाऐवजी थेट उसात शिरलं.

ऊस कडाकडा पेटला. सबंध नोकरीत रंभाजींनी कधी पोळीसुद्धा करपू दिली नव्हती. ते ओरडत सुटले. आसपासची माणसं धावली, उसाचा मधला पट्टा तोडला, तेव्हा पाटाच्या अलीकडे आग थांबली. बन्सी धापा टाकत आला. रंभाजींनी हात जोडले. बन्सीने तेच हात घट्ट धरले.

"कॅप्टन, लई उपकार झाले! कवाधरनं तोडीची वाट बघतुया. जळक्या उसाचा नंबर आधी, कारखान्याची टोळी उद्याच येईल!"

आणि आलीही. मग बांधाबांधावरचे शेतकरी ओट्याशी जमले. "कॅप्टन, पुढली लढाई आमच्याकडं घ्या की." रंभाजींच्या पत्नी यशोधराबाई दारातूनच म्हणाल्या, "ते आता कुठल्याच लढाईवर जायचे न्हाईत," आणि दार लावून घेतलं.

निकाल मात्र द्यावाच लागला. नितीनला सडकेवरून नुसता जाळच नव्हे, तर शेजारी पळणाऱ्या गोरक्षच्या सदऱ्याचा रंगही दिसला होता. म्हणून रंभाजींनी ठरवलं: पेटलेलं जहाज दिसतं आणि त्याच्या शेजारचंही दिसतं. नुकसान पुरतं. पेटलेलं जहाज मोडकंतोडकं तरंगत राहिलं, पण नितीनने लगेच शेजारच्यावरही तोफ डागली आणि गोरक्षचं ते दुसरं जहाज जागच्या जागी गारद झालं.

गोरक्षने गारद झालेली ढलपी उचलून खिशात टाकली. मग म्हणाला, "मंग जळलेल्याचा नंबर आधी. माझं पेटलेलं जहाज उद्याच बंदरात दुरुस्तीला जाणार."

"असला नियम कुठंय?" नितीन ओरडला.

"बन्सीच्या रानात हाय. जाऊन बघ."

रंभाजींनी टोळी आलेली डोळ्यांनी पाहिली होती. नाही कसं म्हणणार? जहाज दुरुस्त होऊन परतलं आणि त्याने नितीनची सगळ्यात मोठी ढलपी बुडवली. नितीन रागाने बरेच दिवस फिरकला नाही. आला तो चपला न काढताच ओट्यावर चढला.

"कॅप्टन, आणि चांदणं असलं तर?"

गोरक्ष लगेच उठला. "पुनव कवा हाय?"

"खाली बस," रंभाजी म्हणाले. "या समुद्रात बाराही महिने अवसच."