समजा, एक बाई आहे

सबनीस मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. लायब्ररीचे चपराशी रामसिंहजी बोलत होते. "माताजी, सबनीस मॅडम नहीं रहीं." मी पहिलं त्यांच्या भावाचं विचारलं, "भाई आए?" ते म्हणाले, "फोन पर बात हुई थी. सिंगापूर में हैं. बोले, आप लोग कर दीजिए." तर त्या लोकांनी केलं होतं. मॅडम दोन दिवस लायब्ररीत आल्या नाहीत म्हणून रामसिंहजी पहाडगंजच्या खोलीवर गेले, दार उघडवलं, डॉक्टर आणला, आणि दुपारी निगमबोध घाटावर सगळं उरकलं. अग्नी रामसिंहजींनी दिला. मला कळेपर्यंत राखही निवली होती. मी उरलेली मेथी निवडली, कारण ती तशीच टाकून उठले असते तर पुन्हा हात लावला नसता. या गोष्टीला दीड महिना होऊन गेला. इथल्या, दिल्लीतल्या मराठी मंडळातले लोक म्हणाले, तुम्ही त्यांना जवळून ओळखत होता, आमच्या अंकाच्या पुरवणीसाठी लिहा. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. जमेल तसं लिहिते.

मॅडम एका कायद्याच्या लायब्ररीत ग्रंथपाल होत्या. एरवी तिथे वकील पुस्तकं चाळत बसायचे. शनिवारी दुपारी वकील नसत, तेव्हा त्याच लांब टेबलांभोवती आमच्यासारख्यांचा वर्ग भरायचा. फी नाही, परीक्षा नाही. घरभाडं, मृत्युपत्र, पोटगी, वारसा, फ्लॅटचे कागद, असं एकेका शनिवारी एकेक. सगळं हिंदीत. ते दिवसच तसे होते. नोएडात, गुडगावात शेतांमधून इमारती उठत होत्या, जो तो काहीतरी बुक करत होता आणि न वाचता सह्या करत होता. मॅडम वर्गाची सुरुवात नेहमी एकाच वाक्याने करायच्या. "पेन का ढक्कन बंद." सगळ्यांनी टोपणं लावून पेनं टेबलावर ठेवायची. कागद आधी शेवटच्या पानापासून वाचायचा, मग पहिल्यापासून, आणि मगच टोपण काढायचं. दुसरा नियम लायब्ररीचा होता. इथे कायदा सांगितला जाईल, सल्ला दिला जाणार नाही. मॅडम वकील नव्हत्या, तेव्हा कुणाच्या घरच्या भांडणात 'असं करा, तसं करा' म्हणायची त्यांना मनाई होती. त्या हा नियम इतका काटेकोर पाळायच्या की राग यायचा. रडणाऱ्या माणसालाही पाण्याचा ग्लास पुढे करून म्हणायच्या, "अपना केस मत बताइए."

पण माणसं वाट काढतातच. वर्गात हळूहळू अशी रीत पडली की स्वतःचं काही विचारायचं असेल तर 'मान लीजिए, एक औरत है' असं म्हणून सुरुवात करायची. सगळ्यांना कळायचं की औरत म्हणजे समोर बसलीय तीच. मॅडमनाही कळायचं, पण नियम मोडत नव्हता. बायकांचं ऐकून पुरुषही तसंच म्हणायला लागले. पहाडगंजचे एक दुकानदार एकदा उभे राहिले, चांगल्या झुबकेदार मिशा, आणि म्हणाले, "मॅडम जी, मान लीजिए एक औरत है. उसकी बीवी मायके चली गई है, और वकील का नोटिस भेजा है." सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "तो उस औरत को चाहिए," त्या म्हणाल्या, "कि पहले नोटिस पूरा पढ़े. और मूँछ को ताव देना बंद करे." मॅडम फार गोड स्वभावाच्या नव्हत्या. म्हणूनच माझं त्यांच्याशी जमलं असावं.

मी त्या वर्गात गेले ते माझ्या गरजेला. माझे यजमान सरकारी खात्यात दफ्तरी होते, नोकरीत असतानाच वारले. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडायची मुदत जवळ आली होती, मुलगा कॉलेजात होता. त्याच सुमारास गावाकडे वडील गेले. आमच्या गावाजवळ कारखान्यांची वसाहत होत होती, जमिनीला भाव आला होता. तिघे भाऊ कधी दिल्लीला फिरकले नव्हते, ते एकदम आले. बरोबर साडी-चोळी, पेढे, आणि एक कागद. थोरला म्हणाला, "सही कर अक्का. तुला माहेर तुटायचं नाही." आमच्यात बहिणींनी हक्क सोडायची रीतच आहे. आईने सोडला, आत्यांनी सोडला, कुणी त्याला सोडणं म्हणतही नाही, साडी घेतली म्हणतात. मी त्यांना म्हटलं, दोन दिवस थांबा. शेजारणीने या वर्गाचं सांगितलं होतं. शनिवारी गेले, मोडक्या हिंदीत म्हटलं, "मान लीजिए, एक औरत है..." मॅडमनी माझ्या बोलण्यावरून मी मराठी हे ओळखलं असणार, पण उत्तर हिंदीतच दिलं. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर लेकीचा वाटा लेकाइतकाच. हक्क एकदा लिहून सोडला की परत येत नाही. बस, एवढंच. मी घरी आले आणि साडी परत केली. त्यानंतर पाच वर्षं कोर्टात गेली. वाटा मिळाला, त्यात नोएडाला दोन खोल्या घेतल्या. भाऊ मात्र तुटले. धाकट्याच्या मुलीचं लग्न झालं हे मला दुसऱ्याकडून कळलं.

नोएडाला गेल्यावर मॅडम माझ्या जवळ आल्या, कारण त्यांचं घर दोन सेक्टर पलीकडे होतं. घर म्हणजे वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला फ्लॅट. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. आई लवकर गेली, धाकट्या भावाला, शेखरला, यांनीच वाढवलं, त्याच्या शिक्षणाला यांचाच पगार लागला. वडील शेवटची सहा वर्षं अंथरुणात होते, त्यांचं सगळं यांनी केलं. शेखर गुडगावला परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. महिन्यातून एकदा गाडी घेऊन यायचा, वडिलांच्या पायाशी दहा मिनिटं बसायचा. रविवारी मॅडम माझ्याकडे भाकरी खायला यायच्या. लायब्ररीतल्या मॅडम आणि माझ्या ओट्याजवळ पाटावर बसणाऱ्या मॅडम यांच्यात फरक एवढाच की इथे त्या मराठी बोलायच्या.

वडील गेल्यावर तीनेक महिन्यांनी त्या अशाच बसल्या होत्या. मी भाकरी थापत होते. मागून आवाज आला, "जगतापबाई, समजा, एक बाई आहे."

मी थापता थापता थांबले. इतकी वर्षं ते वाक्य हिंदीत ऐकलं होतं, दुसऱ्यांच्या तोंडून.

"असेल," मी म्हटलं. "तिचं काय?"

"वडील गेलेत. घर तिच्या आणि भावाच्या वाट्याला येतं. भावाला ते विकून गुडगावला मोठं घर घ्यायचंय. तिथे तिच्यासाठी एक खोली ठेवणार आहे."

"बाईला दुसरं घर आहे?"

"नाही."

"मग सही करायची नाही. यात विचारण्यासारखं काय आहे?"

"सल्ला देऊ नका, जगतापबाई."

"मी काय लायब्ररीच्या पगारावर आहे? मी देणार."

त्या हसल्या. तव्यावरची भाकरी करपली, मी ती बाजूला टाकली. मग त्या म्हणाल्या, "त्या बाईला भावाशिवाय कुणीच नाहीये, हो." मी म्हटलं, मला तीन होते, एकही येत नाही, मी जेवते, झोपते. "तुम्हाला मुलगा आहे," त्या म्हणाल्या. मी पुढची भाकरी तव्यावर टाकली.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं. शेखर आला होता, बायको गाडीतच बसून होती. जेवणाच्या टेबलावर हक्कसोडपत्र पसरलं होतं, शेजारी नव्या इमारतीचं रंगीत पुस्तक. शेखरने मला त्यातला नकाशा दाखवला. "काकू, ही बघा ताईची खोली." स्वयंपाकघराला लागून एक चौकोन होता, बाहेरून वेगळं दार. मी म्हटलं, "ही तर कामवालीची." तो म्हणाला, "अरे यार काकू, आता सगळ्या टॉवरमध्ये अशीच असते. आपण ठीक करून घेऊ." मॅडम कागद वाचत होत्या, शेवटच्या पानापासून, मग पहिल्यापासून. मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, "शेखर, फ्लॅटचा नंबर चुकलाय. रजिस्ट्रार परत पाठवेल. नंतर तुला विकताना त्रास होईल." त्यांनी स्वतः नंबर दुरुस्त केला, बाजूला छोटी सही केली. त्या गप्प बसल्या असत्या तर तो कागद निदान महिनाभर लोंबकळला असता. माझं डोकं फिरलं ते तेव्हा. त्यांना कळत नव्हतं असं असतं तर मी भांडले असते. त्यांना सगळं कळत होतं.

साक्षीदार दोन लागतात. एक शेखरने ऑफिसातून आणला होता. मॅडम माझ्याकडे वळल्या. "जगतापबाई, तुम्ही कराल?" म्हणजे बोलावलं होतं ते यासाठी. पेन उघडं पडलं होतं. मी ते उचललं, टोपण लावलं आणि परत टेबलावर ठेवलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं... मग शांतपणे टोपण काढलं आणि सही केली. मी उठून घरी आले. साक्षीदार म्हणून खालच्या वॉचमनने सही केली असं नंतर कळलं.

गुडगावची इमारत वेळेवर झाली नाही. तोवर म्हणून मॅडम पहाडगंजला एका होलसेल दुकानावरच्या खोलीत राहायला गेल्या, लायब्ररीला जवळ पडतं म्हणून. इमारत झाली तेव्हा शेखरचे सासू-सासरे तिथे राहायला आले. मग त्याची सिंगापूरला बदली झाली आणि घर कंपनीला भाड्याने गेलं. तोपर्यंत दर भाऊबीजेला मॅडम ताट, निरांजन, सुपारी पिशवीत घेऊन दोन बस बदलून गुडगावला जात. ओवाळून संध्याकाळी परत. एकदा मी विचारलं, जेवायला थांबवतात का? म्हणाल्या, "त्यांच्याकडे पार्टी असते." त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि मी कधी 'सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. दोघींनीही ते फार कष्टाने पाळलं.

वर्ग मात्र त्यांनी सोडला नाही. निवृत्तीनंतरही नाही, तेव्हाही त्या रोज लायब्ररीत येऊन बसायच्या. सही केल्यानंतरच्या पहिल्याच वारशाच्या शनिवारी एक तरुण मुलगी उभी राहिली. मान लीजिए, एक औरत है, भाई साइन मांग रहा है. मी मागच्या बाकावर होते. मला वाटलं, आता यांचा आवाज हलेल. नाही हलला. "एक बार छोड़ दिया तो वापस नहीं आता. यह कानून है. सलाह मैं नहीं देती." मग त्यांनी फळा पुसला, डस्टर ठेवलं... "सलाह चाहिए तो बाहर जगताप जी से मिल लीजिए." तेव्हापासून दर शनिवारी वर्ग सुटला की मी खाली चहाच्या टपरीपाशी उभी राहायची. मॅडम वरून कायदा सांगायच्या, मी खालून सल्ला द्यायची. माझा सल्ला एकच असायचा.

मॅडम गेल्यावर आठवड्याने रामसिंहजींबरोबर मी खोली आवरायला गेले. घरमालकाला लगेच दुसरा भाडेकरू ठेवायचा होता. खोलीत फार काही नव्हतं. खिडकीशी भाऊबीजेचं ताट उभं करून ठेवलेलं, घासून लख्ख. टेबलावर एका स्टीलच्या पेल्यात पाच-सहा पेनं, सगळ्यांना टोपणं. मी एक पेन घेतलं, ताट रामसिंहजींना दिलं. लोक विचारतात की त्यांनी सही का केली. मला माहीत नाही. एवढं दिसतं की मी सही केली नाही आणि माझे भाऊ गेले, त्यांनी केली आणि त्यांचाही गेला. मला आजारपणात पडायला माझी स्वतःची खोली आहे, त्यांना नव्हती. यापेक्षा जास्त अर्थ मी काढत नाही.

वर्ग आता बंद आहे. लायब्ररीवाले म्हणतात, कुणी शिकवणारं मिळालं तर बघू. पेन माझ्या फोनशेजारी आहे. गेल्या शनिवारी दुपारी एका मुलीचा फोन आला, नंबर कुणीतरी दिला म्हणे. "आंटी, मान लीजिए, एक औरत है..." मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, आधी पेनचं टोपण लाव. तिने लावलं, मला आवाज आला. मग ती सगळं बोलली, आणि शेवटी विचारलं, "साइन नहीं किया तो भाई आएगा ना, आंटी?"

मी म्हटलं, "नहीं आएगा."

मी फोन ठेवला नाही. तिनेही नाही.