मिनिटाला सदतीस फेरे

माझ्या कानाचं नाव हसनाबादपासून केदारखेड्यापर्यंत होतं. हे मीच सांगतो, कारण ज्यांनी सांगायचं ते बहुतेक गेले. चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. पण विहिरीवर तेलाचं इंजिन सुरू केलं, की मी शंभर पावलांवरून सांगायचो, नोझल चोंदलंय का व्हॉल्व्ह बसत नाही. शिकलेले लोक पाने घेऊन अर्धं इंजिन खोलायचे आणि मंग मला बोलवायचे. मी आधी सगळ्यांना गप्प बसवायचो, मंग ऐकायचो. इंजिनाची चाल मोजायची तर माझ्यापाशी यंत्र नव्हतं. पंपाच्या लांब पट्ट्याला जिथं सांधा असतो, तो सांधा मिनिटात किती वेळा डोळ्यासमोरून जातो ते घड्याळ लावून मोजायचं. त्यात माझी चूक कुणी काढली नाही.

असा कान असल्यावर त्याला खायलाही चांगलंच पाहिजे. आणीबाणी उठली त्या साली मी घरात गाणं ऐकायचा साज उभा केला. तबकड्या वाजवायचं यंत्र जालन्यातून जुनं आणलं. लग्नात भोंगे लावणाऱ्या एकाकडून आवाज वाढवायची पेटी घेतली. आणि मोठा स्पीकर रांजणाच्या तोंडावर बसवला. रांजणात पिंजलेला कापूस भरला, म्हणजे आवाज आत घुमत नाही, गोल होऊन बाहेर येतो. मागच्या भिंतीला दोन गोधड्या टांगल्या.

बायको म्हणली, "पाण्याचा रांजण, त्यात गाणारी बाई बसवली. पांघरायच्या गोधड्या, त्या भिंतीला थंडी वाजती म्हणून दिल्या. आम्ही काय पांघरावं आन् काय प्यावं?"

"आधी ऐक, मंग बोल," मी म्हणलो.

तिनं ऐकलं. मोठी तबकडी होती, एका बाईनं गायलेल्या गौळणींची. पहिलीच गौळण लागली आणि ती चुलीपासून उठून दाराशी येऊन उभी राहिली. रांजण पुन्हा मागितला नाही, दुसरा आणला.

माझ्या घरी गाणं ऐकायचे कायदे होते. बोलायचं नाही. पान लावायचं नाही, त्याचा अडकित्ता वाजतो. वाहवा करायची तर गाणं संपल्यावर. गावातले लोक एकदा यायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. म्हणायचे, मिस्त्रीकडं गाणं ऐकायला जाणं म्हणजे कोर्टात साक्षीला जाणं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. इतक्या लोकांना कान असतोच कुठं?

एक माणूस मात्र बिनचूक यायचा, आमच्या शाळेचे गुरुजी. बौद्धवाड्यात राहायचे, जयंतीला गायन पार्टी उभी राहिली की ढोलकी त्यांची. बोटं अशी, की मांडीवर नुसती फिरवली तरी ऐकत राहावं. आठवड्यातून दोन वेळा ते यायचे, कायदे पाळायचे, आणि गाणं संपलं की आम्ही दोघं भांडायचो. त्यांच्याशी भांडल्याशिवाय मला गाणं पचत नसे.

मंग त्यांनी टेप घेतली. फीत भरलेली तळहाताएवढी डबी, ती यंत्रात घालायची आणि कळ दाबायची. गुरुजी ती काखेत मारून फिरायचे.

"मिस्त्री, पुढचा जमाना हिचा आहे. तुमची तबकडी खरवडती, ही खरवडत न्हाई. पाहिजे ते भरून घ्या, न्हाई आवडलं तर पुसून टाका."

"पुसता येतं ते गाणं असतंय का, पाटी असती ती. आन् तुमच्या टेपचा आवाज गोणीत घातल्यावानी येतो."

"तुमचा रांजणातून येतो!"

हे आमचं नेहमीचंच होतं. पण त्या हिवाळ्यात त्याला वेगळं वळण लागलं. केदारखेड्याच्या एका शेटजींनी घर वाढवलं. कापड-कापसाचा धंदा, मूळ मारवाडचे, पण चार पिढ्या इथंच. त्यांच्या मळ्यातलं इंजिन मीच बघायचो. नव्या माडीत त्यांना गाण्यासाठी पक्कं, भारी यंत्र घ्यायचं होतं. जालन्याचा दुकानदार म्हणायचा तबकडीचं घ्या, जावई म्हणायचा टेप घ्या, आणि स्वतःचं मन रेडिओवर. ते मला म्हणले, "मिस्त्री, दुकानदारावर भरोसा नाही, जावयावर तर बिलकुल नाही. माझ्या इंजिनाला तुमचा कान लागतो, मंग याला दुसऱ्याचा कशाला? रविवारी तुमच्याकडे येतो. गुरुजींनाही टेप घेऊन बोलवा. रेडिओ तर रोज ऐकतो, ही दोन्ही ऐकतो, तुम्ही सांगाल ते घेतो."

मी घरी आलो तो हवेतच. शेटजी माझ्या कानानं माल घेणार. सगळ्या तालुक्यात नाव होणार.

गुरुवारी गुरुजी आले. मी गौळण लावली. ते ऐकत होते, पण बोटं मांडीवर थांबून थांबून पडत होती. गाणं संपल्यावर म्हणले, "मिस्त्री, लई दिवसांपासून बोलीन म्हणत होतो. आता शेटजी येऊन राह्यले म्हणून सांगतो. तुमची तबकडी पळती."

"म्हणजे?"

"जल्दी फिरती. तुमच्याकडं ढोलकी धरायची तर मला सुरात चढवावी लागती. रेडिओवर हीच गौळण लागली की उतरवावी लागती. दोन घरांत दोन बाया गात न्हाईत मिस्त्री, बाई एकच आहे."

मला राग आला. वर्ष झालं मी ती तबकडी ऐकत होतो. बाईचा आवाज कसा धारदार, ताल कसा नाचरा, हे मीच साऱ्या गावाला सांगत होतो.

"रेडिओवाल्यांची झिजली असंल," मी म्हणलो. "सरकारी काम, सावकाशच चालायचं."

"आन् माझी टेप? रेडिओवरून हीच गौळण भरलीय तिच्यात."

"तिचे सेल उतरलेत. रेंगाळती ती."

"म्हणजे रेडिओ चुकला, टेप चुकली, माझी ढोलकी चुकली. बराबर एकटे तुम्ही."

"हो," मी म्हणलो. आणि वर जे बोलायला नको होतं तेही बोललो. "तुम्ही पोरांला पाढे शिकवा गुरुजी. चाल कशाची किती, ते मला शिकवू नका."

गुरुजी उठले. टेप काखेला लावली, चपला घातल्या. जाताना बायकोला मात्र रोजच्यासारखं "येतो वहिनी" म्हणले. माझ्याकडं बघितलं नाही.

शनिवारी दुपारपर्यंत मी तबकड्या पुसत होतो. बायको ज्वारी निवडत बसली होती. सुपातून मान वर न करता म्हणली, "गावाच्या इंजिनाचे फेरे मोजता. याचे मोजले का कधी?"

मोजले नव्हते. कसे मोजणार? इंजिन दुसऱ्याचं असतं, त्याच्यावर संशय घ्यायचाच असतो. हे माझं होतं.

तिला खोटं पाडावं म्हणून मी खडू घेतला. तबकडीच्या मधल्या कागदावर एक रेघ ओढली, घड्याळ समोर ठेवलं. यंत्राच्या कळेवर तेहतीस लिहिलेलं होतं. मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर थोडं, एवढी त्याची चाल पाहिजे. मी मोजले. सदतीस भरले.

घड्याळ कानाला लावलं. चालू होतं. पुन्हा मोजले, सदतीस. बायकोला म्हणलो, तू मोज. तिला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं, म्हणून तिनं ज्वारीचे दाणे टाकले, एका फेऱ्याला एक. मी दाणे मोजले. सदतीस.

तेव्हा मला आठवलं. यंत्र आणलं तेव्हा ते घसरायचं. मोटारीच्या बारीक दांड्याला लागून एक रबरी चाक फिरतं, तेच तबकडीला फिरवतं. दांड्यावर चाकाची पकड बसत नव्हती. मी दांड्याला तारा बांधायची काळी चिकटपट्टी एक वेढा गुंडाळली होती. पकड बसली आणि मी खूश झालो. दांडा जाड झाला की चाक जल्दी फिरणार, हे इंजिनाच्या पुलीचं गणित मी पोराटोरांला शिकवतो. माझ्याच घरात ते मला सुचलं नाही. वरून वर्षभर त्याच पळत्या बाईची तारीफ केली.

पट्टी काढली. रबरी चाक काचपेपरानं घासलं, तेलकटपणा पुसला. पकड बसली. मोजलं, तेहतीस आणि वर थोडं. गौळण लावली.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला ती आवडली नाही. बाई आजारी पडल्यावानी वाटली. पण दुसऱ्या कडव्याला ती श्वास घेती ते ऐकू आलं. मागं कुणीतरी बासरी वाजवत होतं, ते आधी चिमणीसारखं वाटायचं, आता बासरीच वाटली. बायको दाराशी येऊन उभी राहिली.

"आधी पोरगी गायची," ती म्हणली. "आता लेकरंबाळं झालेली बाई गाती. हिला गौळणीतलं कळतंय."

मी पट्टीचा तुकडा चुलीत टाकला. मनात म्हणलं, झालं. कुणाला काय कळणार आहे?

रविवारी सकाळीच शेटजी आले, पांढरं धोतर, काळा कोट. गुरुजी येणार नाहीत असं मला वाटत होतं, पण शेटजींचा शब्द म्हणून आले. टेप खाली ठेवली, तिच्या कळा दाबून बघितल्या आणि कोपऱ्यात बसले. माझ्याशी बोलले ते एवढंच, मी "राम राम गुरुजी" म्हणल्यावर "जयभीम."

आधी गुरुजींची टेप ऐकून झाली, त्यांनी फीत बदलली, मंग मी शेटजींना गौळण लावून दिली. मी तबकडीकडं बघत नव्हतो, गुरुजींच्या बोटांकडं बघत होतो. ती मांडीवर पडायला लागली. एकदा थांबली. गुरुजींनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, मंग रांजणाकडं, मंग पुन्हा माझ्याकडं. त्यांना कळलं. मंग बोटं परत सुरू झाली, आणि या खेपेला शेवटपर्यंत थांबली नाहीत.

गाणं संपलं. शेटजी म्हणले, "वा! गुरुजी, परवा बाजारात तुम्ही म्हणत होता, मिस्त्रीची तबकडी पळती. आता कुठं पळती? रेडिओवर ऐकतो तशीच तर आहे."

मी थिजलो. गुरुजींनी एक शब्द उच्चारला असता तर मी उघडा पडलो असतो. पण ते हसले आणि म्हणले, "माझाच कान फसला असंल शेटजी. मिस्त्रीपुढं आमचं काय!"

शेटजी खदाखदा हसले. "मास्तर, तुम्ही पाढेच शिकवा."

माझंच वाक्य होतं ते, अक्षरशः. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं, आपसूकच सुचलं. पण गुरुजींचे कान लाल झाले, ते मी बघितलं. बायको आतून चहा घेऊन आली होती. ती तिथंच थांबली. माझ्याकडं बघत होती, कपबशीकडं नाही.

इंजिनाच्या आवाजावरून मी शंभर पावलांवरून खोट काढतो. त्या वेळी खोट माझ्याच आत वाजत होती. उठून उभा राहिलो, का राहिलो माहीत नाही. बसून बोलता आलं नसतं.

"शेटजी," मी म्हणलो, "पळत होती. वर्षभर पळत होती. मी दांड्याला पट्टी गुंडाळली होती, सदतीस फेरे फिरत होती. काल काढली. गुरुजींनी नुसत्या बोटांवर ओळखलं, मला खडूनं मोजावं लागलं. कान त्यांचा बराबर आहे. माझा चुकला."

बायकोनं पुढं केलेला चहा शेटजींनी बशीत ओतून एक घोट घेतला. मंग चहाची बशी खाली ठेवत म्हणले, "मिस्त्री, माझ्या मळ्यातल्या इंजिनाला तर कुठं पट्टी गुंडाळली न्हाई ना?"

पहिली हसली ती बायको. मंग आम्ही सगळेच.

"आता सांगा," शेटजी म्हणले, "मी घेऊ काय?"

"तबकडीच," मी म्हणलो. चूक यंत्रात होती, तबकडीत नव्हती.

"टेप," गुरुजी म्हणले.

शेटजींनी आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "तुमचं ऐकून माझं पक्कं झालं. रेडिओ घेतो, मोठ्यातला मोठा. त्याचं गाणं फिरवणारा माणूस लांब कुठंतरी बसलेला असतो. घरात खुडबूड करायला कुणी उरत नाही." आणि खरोखर रेडिओच घेतला त्यांनी. त्यांच्या माडीवर मी तो ऐकलाय. आवाज चांगला होता, पण पाहिजे ते गाणं पाहिजे तेव्हा लागत नाही, ही त्याची खोट त्यांनी मरेपर्यंत कबूल केली नाही.

शेटजी गेल्यावर गुरुजी टेप आवरत होते. म्हणले, "मिस्त्री, मघाशी काय म्हणले ते एकदा परत म्हणा ना."

"असलं मी एकदाच म्हणतो. तुमची टेप तेव्हा चालू पाहिजे होती."

"चालूच होती. तुमची गौळण भरून घेत होतो, बंद करायची राहून गेली."

त्यांनी फीत मागं नेली आणि कळ दाबली. गौळण झाली, शेटजींचं हसू झालं, कपबशी वाजली, आणि एक घोगरा, आडदांड माणूस बोलायला लागला, कान त्यांचा बराबर आहे, माझा चुकला.

"हा माझा आवाज न्हाई," मी म्हणलो. "तुमची टेप रेंगाळती."

"सेल नवे घातलेत सकाळी," गुरुजी म्हणले.

"तुमचाच आहे," आतून बायको म्हणली. "बराबर तुमचाच."

त्या फितीवर दुसरं काही भरा म्हणून मी गुरुजींच्या किती विनवण्या केल्या. पुसून टाकता येतं हा तर त्यांच्या यंत्राचा मोठा गुण होता. ते म्हणायचे, याच्यापेक्षा चांगलं गाणं मिळालं की भरीन. पंधरा वर्षांत त्यांना मिळालं नाही.