शालिनीची जलपर्णी

शालिनीचा भाऊ मधुकर याचा फोन आला, तेव्हा मी भाजी निवडत होते. ‘‘ताई, शालूताई गेली... झोपेतच गेली,’’ एवढंच तो बोलला. रडू बऱ्याच वेळानं आलं. संताप मात्र शोकसभेत आला, आणि इतके आठवडे लोटले तरी तो उतरलेला नाही. एक निवृत्त साहेब माईकसमोर उभे राहून म्हणाले, ‘‘बाईंचा विकासाला विरोध असला, तरी त्या प्रामाणिक होत्या.’’

विरोध? ज्या बाईनं स्वतःच्या हातानं इंधन तयार करून दाखवलं, तिचा विरोध?

भंडाऱ्याच्या एकाच कॉलेजात आम्ही शिकवलं; ती रसायनशास्त्र, मी मराठी. ती विणकरांच्या घरातली, हाताला सतत काम लागणारी. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे तुंबलं आणि कारध्याजवळ वैनगंगा जागच्या जागी थांबल्यासारखी झाली. पात्रावर जलपर्णी पसरली, मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या डोंग्या तिच्यात अडकू लागल्या. निवृत्त झालेली शालिनी गमबूट घालून थेट त्या पाण्यात उतरली. ढिवरांच्या बायकांना सोबत घेऊन तिनं जलपर्णी बाहेर ओढली, बारीक चिरली, शेणात कालवली आणि गावातल्या शाळेमागे बांधलेल्या टाकीत भरली. पुढे मला बोलावून घेतलं.

‘‘वास येऊन राहिला का गं?’’

‘‘भयंकर येऊन राहिला.’’

‘‘मंग बराबर हाय!’’ म्हणत तिनं टाकीच्या नळीशी काडी ओढली. निळी ज्योत लागली. त्या दिवसापासून शाळेची खिचडी त्याच गॅसवर शिजू लागली.

पुढे सिहोऱ्याकडे तांदळापासून इथेनॉल काढायचा कारखाना येणार, अशी बातमी आली. पाणी गावच्या तलावाचं. जनसुनावणीला मी तिच्याबरोबर होते. व्यासपीठावर हेच साहेब. ते म्हणाले, ‘‘आम्ही फक्त खराब तांदूळ वापरू.’’

शालिनी उठली. ‘‘तांदूळ खराब व्हायची वाट पाहाल, का चांगल्याले खराब ठरवाल?’’ मंडपात हशा पिकला. ती हसली नाही. ‘‘मी इंधनाले नाही म्हणून नाही राहिली, साहेब. पण धानानं आधीच किती पाणी पिलं, आता त्याचा तांदूळ गाडीले पाजाले अजून तलाव रिकामा करता? कापणीनंतर शेताच्या बांधीत धानाचं तणस जाळतात, ते घ्या. शहराचं सांडपाणी नदीत सोडता, ते साफ करून कारखान्याले द्या. लोकाच्या ताटातलं अन् तलावातलं कायले घेता?’’

साहेबांनी घड्याळ पाहिलं. ‘‘सूचना नोंदवून घेतली,’’ म्हणाले.

कारखाना उभा राहिला, तलावावर मोटारी बसल्या. उन्हाळ्यात तलावाच्या चिखलात मासोळ्या तडफडताना तिनं पाहिल्या. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, साहेबांच्या कार्यालयानं कारध्याच्या शाळेमागची टाकीही बंद करायला लावली. कारण काय, तर बांधकाम विनापरवाना! तलाव उपसायला परवानगी मिळते, नदीतला कचरा उचलायला मिळत नाही... शालिनी महिनोन्‌महिने कार्यालयाच्या पायऱ्या चढत राहिली. ‘‘काहून एवढी दमतेस?’’ मी विचारायची. ‘‘पोरं धुरातली खिचडी खाऊन राहिली ना,’’ ती म्हणायची. परवानगी शेवटपर्यंत आली नाही. ती न देणाऱ्यांनीच तिच्या फोटोला हार घातला.

परवा तिच्या घरी गेले होते. मागच्या अंगणात तिचे हिरवे डाग पडलेले गमबूट उलटे टांगलेले. मी मधुकरला म्हटलं, ‘‘राहू दे ते तसेच.’’

तेवढ्यात कारध्याची सुमन आली, शालिनीबरोबर पाण्यात उतरणारी. तिनं न विचारताच गमबूट खाली काढले, पाय घालून पाहिले. मोठे होत होते.

‘‘कुठं निघालीस?’’ मी विचारलं.

‘‘टाकी आता माह्या अंगणात बांधली, बाई. तिथं कोनाची परवानगी लागते?’’ म्हणत तिनं बुटांत चिंध्या कोंबल्या आणि ती नदीकडे निघाली.