जामीनदारानं शाकारलेलं घर

लायसनचा नियम आला तेव्हा मी तेवीस-चोवीस वर्षांचा होतो आणि कुठल्याही नव्या नियमावर माझा फार जीव होता. अहेरीला, सरकारी इमारतींची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कचेरीत कारकून म्हणून लागून मला वर्षही झालं नव्हतं. नोकरी कच्ची होती. जिल्ह्याचं नाव तेव्हा चांदाच होतं, आणि चांद्याहून आलेला प्रत्येक कागद मी दोनदा वाचून फाइलला टाचायचो. त्या दिवसांतला माझा मी आठवला की आज त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

नियम तसा वाईट नव्हता. सरकारी घराची दुरुस्ती घ्यायची, छपरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून ठेवायचे, आगाऊ रक्कम उचलायची आणि नंतर तोंड दाखवायचं नाही, असं दोन-तीन ठेकेदारांनी केलं होतं. म्हणून ठरलं, की यापुढे सरकारी घराला हात लावणाऱ्याजवळ लायसन पाहिजे आणि लायसनसाठी जमीनजुमला असलेला जामीनदार पाहिजे. ठेकेदारानं काम अर्धवट टाकलं तर नुकसान जामीनदाराच्या जमिनीतून वसूल व्हायचं. कागदावर हे अगदी चोख दिसत होतं.

अडचण एवढीच होती, की ज्यांच्याजवळ जमीन होती त्यांना घरं दुरुस्त करता येत नव्हती, आणि ज्याला येत होती त्याच्याजवळ काहीच नव्हतं. तो म्हणजे तिथला सुतार, वाढई. कुऱ्हाडीनं तासलेला त्याचा वासा रंधा मारल्यासारखा गुळगुळीत असायचा. तोंडही तसंच चालायचं. नियम सांगितला तेव्हा तो माझ्या टेबलासमोर उकिडवा बसला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "बाबू, हे लायसन कुठी लावू? हाताले का रंध्याले?"

"खिशात ठेव," मी म्हणालो. "आधी जामीनदार आण."

"माह्यासाठी कोन जामीन राहीन? माह्यं सोताचं घर कुडाचं आहे. जोरानं शिंकलो तं पडते."

पण आठवड्याच्या बाजारादिवशी तो एका म्हाताऱ्याला घेऊन आला. जंगलाच्या कडेच्या एका गावात म्हाताऱ्याची तळ्याखाली धानाची बांधी होती, म्हणजे बांध घातलेलं शेत, छोटंच पण पाणी धरणारं. बायको आणि तो, दोघंच. कुणाचं एका दाण्याचंही देणं नव्हतं. "माह्यं घर जळालं तवा हा न बोलवता आला आन् घर उभं करून गेला," म्हातारा म्हणाला. "मी नाई राहीन तं कोन राहीन?"

जामीनपत्र इंग्रजीत होतं, दोन पानांचं. ते जामीनदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितलं, असं लिहून खाली मलाच सही करायची होती. बाहेर बाजार भरला होता, ओव्हरसियर साहेब आतून आवाज देत होते, आणि मला भूक लागली होती. मी दोन पानांचं एक वाक्य केलं. "हे पाहा भाऊ, यानं काम पुरं केलं नाही तर ते तुमच्यावर येईल. समजलं ना?"

"त्यात काय समजाचं?" म्हातारा हसला. "आमच्या गावात बी तसंच असते." मग त्यानं विचारलं, "खांबाले हात कवा लावाचा?"

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीतरी भलतंच आहे. "खांब नाही, भाऊ. अंगठा लावा. झालं." त्यानं अंगठा लावला. त्यानं काय विचारलं हे मी त्याला तेव्हाच उलट विचारलं असतं, तर ही गोष्ट लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

वाढईला पहिलंच काम मिळालं ते दवाखान्याच्या नर्सबाईंच्या सरकारी घराचं. वासे वाळवीनं पोखरले होते, भिंतींचा कूड कुजला होता. चैत्रात त्यानं कवेलू उतरवले, जुने वासे काढले आणि नवं आढं चढवलं. वैशाखात त्याला हिवतापानं धरलं. नर्सबाई त्याच्या घरी जाऊन कुनैन देत होत्या, पण पाचव्या दिवशी तो गेला. स्मशानातून परत येताना मी त्या घरासमोर थांबलो. एका बाजूचे वासे बसवून झाले होते, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ होतं. मी रस्त्यातच रडलो. माझ्या टेबलासमोर बसून माझी टिंगल करणारा तो एकटाच होता, आणि ती टिंगल मला हवीशी वाटायची, हे त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जामीनदाराच्या नावे नोटीस तयार करायला सांगितली आणि ते सिरोंच्याकडे महिनाभराच्या दौऱ्यावर गेले. ठेकेदार मयत, काम अपूर्ण, सबब नुकसान भरा. काही म्हणणं असेल तर पंधरा दिवसांत लेखी अर्ज द्या, नाहीतर जमिनीवर जप्ती येईल. नोटीस मीच लिहिली. अक्षर माझं चांगलं होतं.

ती पाठवायच्या आधीच म्हातारा आला. बाजारात त्याला वाढई गेल्याचं समजलं होतं. बैलबंडीत त्यानं स्वतःच्या बांधावरचे बांबू, घरी जपून ठेवलेले वासे, कुऱ्हाड आणि चटणी-भाकरीचं गाठोडं घातलं होतं. माझ्याकडे आलाच नाही. बैल सोडले, नर्सबाईंना रामराम केला आणि शिडी लावून वर चढला.

मी धावत गेलो. "भाऊ, हे काय करून राह्यले?"

"काम," तो वरून म्हणाला. "बाबू, तूच तं सांगतलं होतं, माह्यावर येईन म्हनून."

संध्याकाळी ओसरीवर बसून त्यानं मला त्यांच्या गावची रीत सांगितली. कुणाचं घर बांधायला घेतलं की पहिला खांब उभा करताना बांधणाऱ्याच्या वतीनं एक माणूस त्या खांबाला हात लावतो. बांधणारा आजारी पडला, मेला, तर हात लावणारा येतो आणि घर पुरं करतो. लाकूड त्याचं, श्रम त्याचे. घर झालं की तो मोकळा. दुसरं काही कुणी मागत नाही, कारण दुसरं काय मागायचं असतं, हे त्याला खरंच कळत नव्हतं.

सरकारी घरावर बिनलायसनी माणसाला चढू देऊ नये, हे कलम मला तोंडपाठ होतं. त्याला खाली उतरवायला हवं होतं, आणि खरं काय ते सांगायला हवं होतं. पण नर्सबाई उघड्या घरात राहत होत्या, काम सुंदर चाललं होतं, आणि साहेब परत येऊन पाहतील तेव्हा आपोआप सगळं मिटेल, असं मी स्वतःला सांगितलं. भित्र्या माणसाला 'आपोआप' हा शब्द फार आवडतो.

नोटीस मात्र बजावावी लागणार होती. तारीख पडली होती. मी ती घेऊन गेलो. म्हातारा खाली उतरला, मातीचे हात धोतराला पुसले आणि अंगठा लावला. "काय लिवलं आहे?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "काम लवकर पुरं करा, असं लिहिलं आहे."

हे मी म्हणालो. त्याच्या तोंडावर, दिवसाढवळ्या. अर्ज लिहायला पंधरा दिवस होते, आणि तो मीच लिहून दिला असता तर एका पानात झाला असता. पण अर्जात लिहावं लागलं असतं, की जामीनपत्र या कारकुनानं नीट समजावलं नाही. माझी नोकरी कच्ची होती. त्याची बांधी पक्की होती, तिला काय होतंय, असंही वाटलं असेल. आज मला त्या वेळच्या मनाचा हिशेब लागत नाही.

"करतो ना," तो म्हणाला. "साहेबाले सांग, काळजी नोको करू." आणि त्या दिवसापासून तो पहाटेच कामाला लागायचा.

पंधरा दिवस संपले, त्यानंतर घरही पुरं झालं. नवा कूड लिंपून झाला, कवेलू एका रेषेत बसले. नर्सबाईंनी त्याला नवं धोतर दिलं. तो बंडी जुंपून, मला रामराम करून आनंदानं गावी गेला. पेरणीला थोडा उशीर झाला होता, एवढंच त्याच्या तोंडात होतं.

साहेब आले. घर फिरून पाहिलं, वाशाला हात लावून पाहिला. "काम फर्स्टक्लास आहे," ते म्हणाले. "कोणी केलं?" मी सांगितलं. त्यांनी मोजमापाची वही उघडली आणि तशीच मिटली. माणूस वाईट नव्हता. "मेलेल्या माणसाच्या नावावर मोजमाप कसं लिहू? आणि म्हाताऱ्यानं केलं असं लिहिलं, तर बिनलायसनी माणसाला वर कोणी चढू दिलं, हे विचारतील. काय उत्तर देऊ? तुम्ही सांगा."

ते माझ्याकडे बघत होते. 'मी चढू दिलं, मीच त्याला चुकीचं सांगितलं,' एवढं बोलायचं होतं. मी जमिनीकडे पाहत राहिलो. साहेबांनी उसासा टाकला आणि मजकूर सांगितला. मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: ठेकेदार मयत, काम अपूर्ण.

श्रावणात बांधीवर जप्ती आली. धानाच्या रोपांची रोवणी झालेली होती. तलाठ्यानं बांधावर उभं राहून कागद वाचला, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारा पावसात चालत अहेरीला आला. मी कचेरीच्या दारात त्याला पाहिलं आणि आत पळून जावंसं वाटलं. तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी त्याचे पाय धरले असते. तसं त्यानं काही केलं नाही. तो शरमलेला होता. खाली मान घालून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्यानं विचारलं, "बाबू, कुठी गळून राह्यलं काय?"

तो तसाच नर्सबाईंच्या घरी गेला, मी त्याच्यामागे. भर पावसात तो शिडी लावून वर चढला. एकेक कवेलू हातानं चाचपत, वळचणीपासून आढ्यापर्यंत आणि आढ्यापासून दुसऱ्या वळचणीपर्यंत तो सरकत गेला. नर्सबाई ओसरीतून सांगत होत्या, "अहो भाऊ, एक थेंब पडत नाही घरात. उतरा खाली, घसराल." त्यांना जप्तीचं काही माहीत नव्हतं. मी खाली भिजत उभा होतो आणि मला सगळं माहीत होतं.

तो खाली उतरला, आत गेला, जमिनीवर तळहात फिरवून पाहिला. जमीन कोरडी होती. मग तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. म्हाताऱ्या माणसाचे डोळे असे भांबावलेले मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. "नाई गळत," तो म्हणाला. "मंग बांधी काऊन घेतली?"

मी म्हणालो, "वरून हुकूम आहे, भाऊ."

त्यानं मान हलवली, आणि पुन्हा एकदा वर छपराकडे पाहिलं.