मिटल्या डोळ्यांचं मतदान

आमच्या फिल्म क्लबात एका चिनी दिग्दर्शकाच्या सिनेमांची क्रमवारी ठरत होती. रीत अशी, की सगळ्यांनी डोळे मिटून हात वर करायचे, म्हणजे कोणी दुसऱ्याचं बघून मत देत नाही. पडद्यापाशी उभं राहून हात मोजायचं काम माझ्या नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर ते माझ्याकडे आलं.

"वहिनी, ह्याच्यावर लक्ष ठेवा, चोरून बघतो हा!" एकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं.

हसू विरलं, डोळे मिटले. डोळे मिटलेले चेहरे किती पटकन एकमेकांसारखे दिसू लागतात. तसा एक चेहरा मी नुकताच पाहिला होता.

शेवटी मी नवऱ्याच्या लाडक्या, संथ सिनेमाचं नाव घेतलं. त्याच्या एकट्याच्या मतावर तो दरवर्षी क्रमवारीत टिकायचा. आज एकही हात हलला नाही. माणसाची आवड त्याच्याबरोबर जाते, की घरातच कुठे रेंगाळत राहते?

"किती, वहिनी?"

मी मागे वळले. प्रोजेक्टरच्या उजेडात पांढऱ्या पडद्यावर वर केलेल्या हाताची सावली होती. हात माझाच होता. तो कधी उचलला, मला आठवत नाही. तो सिनेमा तर मला कधीच आवडला नव्हता.

"एक," मी म्हणाले.