बर्डीचं छत

वहिनीचा फोन आला तेव्हा मी धानोऱ्याच्या शाळेत सहावीचे पेपर तपासत होतो. "तुमचे भाऊ गेले," एवढंच ती म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेले पेपर तपासून टाकले. तीन आठवडे झाले, अजून रडू आलेलं नाही. लोक मला खंबीर म्हणतात. आत काहीच हलत नाही, हे त्यांना कसं सांगू...

भाऊ कुरखेड्याकडचा सेंट्रिंग मिस्त्री. काँक्रीट ओतण्याआधी फळ्या, प्लाय, टेकू लावून साचा उभा करायचा आणि स्लॅब पक्का झाला की तो सोडवायचा, हे त्याचं काम. नागपूरला सीताबर्डीचं मेट्रो स्टेशन बांधायला घेतलं तेव्हा तो तिथं गेला. शहराचे दोन मार्ग तिथं एकमेकांना वरून-खालून छेदतात, म्हणून मजल्यांवर मजले. सुटीत घरी आला की ताटात वाटी उपडी ठेवून कुठली गाडी कुठून जाणार ते दाखवायचा. वरण गार व्हायचं, वहिनी चिडायची. एकदा मी त्याला डिवचलं, एवढं राबतोस, पण तुझं तिथं राहणार काय? तो हसला. "आमचं काम काढून टाकासाठीच असते ना बाबू."

गाड्या सुरू होण्याआधीच त्याची टोळी दुसऱ्या कामावर गेली. तयार स्टेशन त्यानं कधी पाहिलंच नाही. या उन्हाळ्यात दवाखान्यात तपासणीसाठी त्याला नागपूरला नेलं, तेव्हा म्हणाला, बर्डीला उतरू, गाडी बदलू, छत पाहू. मला रिपोर्टची घाई होती. पुढच्या खेपेला, असं म्हणून मी ऑटो केला. त्यानं हट्ट धरला नाही. धरायला हवा होता.

मागच्या रविवारी वहिनीला घेऊन गेलो. गाडी बदलणारी माणसं लगबगीनं जिने चढत-उतरत होती, वर पाहायला कोणालाच सवड नव्हती. वहिनी मात्र मधोमध थांबली. लोकांना अडचण होते, बाजूला होऊ, असं मी म्हटलं. ती हलली नाही.

"टेकू काढल्यावर सगळ्यात पहिले मिस्त्री खाली उभा राह्यते, भाऊजी. मग बाकीचे येतेत. तेव्हा हे इथी उभे राह्यले होते. आता मले राहू द्या थोडं."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी उभा राहिलो. वर बघायची माझी हिंमत झाली नाही.